नसत्या चौकशा आणि हजार रुपयांचा सँटा

वाचकाचं पत्र

ताई, मी ३३ वर्षांची आहे. भोसरीतल्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे. साहेब धरून आम्ही चौदा जण. हातात २८,००० रुपये पगार येतो. आमच्याकडे प्रत्येकाच्या वाढदिवसाला २०० रुपये काढायचे, दिवाळीत साहेबांच्या भेटीसाठी ७००, आणि तीन वर्षांपासून डिसेंबरात सिक्रेट सँटा सुरू झालाय, म्हणजे चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला आपलं नाव न सांगता भेट द्यायची, त्याचे हजार. लग्न, बारसं, वास्तुशांत, कोणाचा निरोप समारंभ असं वर्षाला पंधराशेच्या आसपास जातं ते वेगळंच. माझ्या मिस्टरांचं दुकान मार्चमध्ये बंद पडलं. फ्लॅटचा हप्ता माझ्या पगारातून जातो. ऑफिसात हे मी एकाच मैत्रिणीला सांगितलं होतं, आता सगळ्यांना माहीत आहे.

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. उपचार चालू आहेत, हे मात्र अजून कोणालाच माहीत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर एक सिनिअर मॅडम बसतात, पन्नाशीच्या पुढच्या. रोज काहीतरी विचारतात. ‘अजून काही नाही का गं?’ ‘मिस्टर काय करतात हल्ली दिवसभर?’ ‘हप्ता किती बसतो?’ मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली की दुसऱ्या दिवशी, ‘काल कुठे गेली होतीस?’ गेल्या वर्षी सिक्रेट सँटात मला मिळालेलं पाकीट सगळ्यांसमोर उघडायला लावलं. आत तान्ह्या बाळाचे लोकरीचे मोजे आणि चिठ्ठी : ‘पुढच्या वर्षी तिघे या.’ सगळे हसले. मॅडम सगळ्यात मोठ्याने. मीही हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

यंदा शुक्रवारी चिठ्ठ्या टाकल्या. मला त्याच मॅडमचं नाव आलं! २४ तारखेला भेटी द्यायच्यात. त्यांना असं काहीतरी द्यावंसं वाटतं की चांगलं झोंबलं पाहिजे. मिस्टर म्हणतात, नाव काढून घे, जाऊच नकोस. पण मग मी माणूसघाणी ठरेन. या वर्गणीतून बाहेर कशी पडू, आणि मॅडमना गप्प कसं करू?

एक वाचक, पिंपरी-चिंचवड

उत्तर

आधी मोज्यांचं बोलू. तुम्ही ते पत्राच्या मधोमध दडवलंत आणि वर लाज वाटते म्हणालात. लाज वाटायला हवी ती दुसऱ्या कोणाला तरी. तेरा माणसांच्या देखत एका बाईला मूल नसण्यावरून चिडवायचं, तेही स्वतःचं नाव न सांगता, याला चेष्टा म्हणत नाहीत. तुम्ही तेव्हा हसलात म्हणून स्वतःला बोल लावू नका. अशा वेळी माणूस हसतोच, प्रसंग एकदाचा संपावा म्हणून हसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३मध्ये सांगितलं होतं की जगात सहा प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी मूल होण्यात अडचण येते. त्या हसणाऱ्यांतही कोणीतरी आतून चरकलं असण्याची शक्यता बरीच आहे.

आता एक शंका. मोजे मॅडमनीच दिले असं तुम्ही धरून चालला आहात. पत्रात त्याला पुरावा इतकाच, की त्या सगळ्यात मोठ्याने हसल्या. मोठ्याने हसणारी माणसं प्रत्येक ऑफिसात असतात आणि ती कशालाही हसतात. मोजे त्यांनीच दिले असतील, नाही असं नाही. किंवा पलीकडच्या टेबलावरच्या पंचविशीतल्या एखाद्या मुलाला शेवटच्या दिवसापर्यंत काही सुचलं नसेल, त्याने कोणाला तरी विचारलं असेल, ‘यांना काय देऊ?’, आणि त्या कोणीतरी ही अक्कल शिकवली असेल. या खेळाची मेखच ही आहे. देणारा नामानिराळा राहतो, आणि घेणाऱ्याला मात्र सगळ्यांसमोर पाकीट फोडावं लागतं. एरवी तोंडावर बोलायची हिंमत होणार नाही ते इथे रंगीत कागदात गुंडाळून देता येतं. तेव्हा सूड नेमका कोणावर उगवायचा, हेच तुम्हाला नक्की ठाऊक नाही.

आणि ठाऊक असतं तरी मी नको म्हटलं असतं. समजा तुम्ही कुलूप दिलंत, किंवा ‘आपलं ते आपण बघावं’ असं छापलेला मग दिलात. मनात मांडे खायला छान आहे. प्रत्यक्षात काय होईल? मॅडम पाकीट उघडतील, क्षणभर गप्प होतील आणि मग म्हणतील, ‘मी तर आपली मायेने विचारत होते हो.’ डोळ्यांत पाणीही येईल. त्या दिवसापासून दुखावलेली बाई त्या, आणि खुनशी तुम्ही. पाच मिनिटांच्या समाधानासाठी एवढी किंमत मोजू नका.

म्हणून यंदा नाव काढून घेऊ नका, आणि झोंबेल असंही काही देऊ नका. एरवी मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूची आहे. पण चिठ्ठ्या निघून गेल्यात. आता तुम्ही बाहेर पडलात तर एकीच्या हाती काही पडणार नाही, कोण बाहेर पडलं ते चहा संपायच्या आत कळेल, आणि मार्चएंडपर्यंत तोच विषय चघळला जाईल. खाण्याची वस्तू द्या. साताऱ्याचे कंदी पेढे, साखर चालत नसेल तर बाकरवडी, नाहीतर चांगल्या चहाचा डबा. खाऊन संपतं, टेबलावर आठवण म्हणून बसून राहत नाही, आणि त्यातून कोणाला कसलाही अर्थ काढता येत नाही. (तिळाच्या वड्या मात्र देऊ नका. संक्रांत तोंडावर आहे, ‘गोड बोला’चा टोमणा कोणी ना कोणी शोधून काढेलच.)

तो हजाराचा आकडाही एकदा तपासून घ्या. ‘हजारापर्यंत’ ठरलंय की ‘हजाराचंच’? बऱ्याच ऑफिसांत ठरतं वरची मर्यादा म्हणून, आणि भीडेपोटी सगळे तीच किंमत समजून बसतात. चारशेत उत्तम पेढे येतात. बिल कोणी मागत नाही.

तुमच्या वाट्याला जे पाकीट येईल ते बॅगेत टाका. ‘उघड ना, उघड ना’ सुरू होईल. ‘घरी जाऊन उघडते,’ एवढंच म्हणा. पुन्हा आग्रह झाला तर पुन्हा तेच, त्याच सुरात. ‘मला सगळ्यांसमोर आवडत नाही’, ‘गेल्या वर्षी असं झालं होतं’, ‘मिस्टरांसोबत उघडायचंय’ यातलं काहीही जोडू नका. दिलेल्या प्रत्येक कारणावर समोरच्याला बोलता येतं. आवडत नाही म्हणालात तर ‘त्यात काय एवढं’ येईल, मिस्टरांचं नाव काढलंत तर ‘अय्या!’ येईल. नुसत्या ‘घरी उघडते’वर कोणाला काही बोलताच येत नाही. पुढे वर्गणीचं आणि चौकशांचं जे सांगणार आहे, त्यातही मी तुम्हाला हेच करायला लावणार आहे.

आता पैशाकडे वळू. तुम्ही अकाउंट्सला आहात, पण ही बेरीज तुम्ही कधी केली नसावी. केली असती तर पत्रात आली असती. तेरा वाढदिवसांचे २,६००, साहेबांचे ७००, सँटाचे १,०००, बाकीचे १,५००. झाले ५,८००. एका महिन्याच्या पगाराचा पाचवा हिस्सा, आणि तोही घरात एकच पगार येत असताना. तुमचा हात आखडता आहे म्हणून हे खुपतंय असं नाही, रक्कमच मोठी आहे. आणि आपली ऑफिसं मोठी गमतीची : पगारवाढीचा विषय काढला की ‘ही कंपनी आहे, धर्मशाळा नाही’ असं ऐकायला मिळतं, आणि वर्गणीची वेळ आली की ‘आपण सगळे एक फॅमिली आहोत’.

या देवघेवीतून कोणाच्या पदरात काय पडतं, हे अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३मध्ये मांडलं होतं. नाताळात मिळालेल्या वस्तूंसाठी तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते, असं त्यांनी येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना विचारलं. उत्तरं वस्तूंच्या किमतीपेक्षा दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत कमी भरली. मित्रमैत्रिणींनी दिलेल्या वस्तूंना त्यातल्या त्यात बरा भाव मिळाला, आजीआजोबा, काकामामा अशांनी दिलेल्या वस्तूंना सगळ्यात कमी. आता ज्यांना तुमची आवडनिवड ठाऊक नाही आणि ज्यांनी तुम्हाला निवडलंही नाही, नुसती चिठ्ठी उचलली, त्यांच्या भेटीचा हिशेब तुम्हीच करा. भेट देण्यातला आनंद असा रुपयांत मोजता येत नाही, हा त्या अभ्यासावरचा आक्षेप मला मान्य आहे. पण तो आनंद स्वखुशीने देण्यातला. वर्गणीदारांच्या यादीत नाव आहे म्हणून देण्यातला नव्हे.

साहेबांच्या दिवाळीबद्दल मला जरा कडक बोलायचंय. भेट वरून खाली यावी. खालून वर जाऊ लागली की तिला वेगळाच वास येतो. ज्याच्या हातात आपली रजा आणि पगारवाढ, त्याला तेरा जणांनी पैसे काढून चांदीचं निरांजन द्यायचं, आणि त्यात कोणी पैसे दिले नाहीत हे त्याच्या कानावर जाणार, याला स्वखुशी कसं म्हणायचं? अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी आपल्या वरिष्ठाला भेट द्यायची नाही असा सर्वसाधारण नियमच आहे. सणावाराला द्यायचीच तर दहा डॉलरपर्यंतची वस्तू चालते, रोख तर नाहीच. आपल्याकडेही सरकारी नोकरांनी भेटी घेण्यावर बंधनं आहेत, केंद्राच्या १९६४च्या वर्तणूक नियमांत आणि महाराष्ट्राच्या १९७९च्या नियमांतही. तुमची कंपनी खासगी, तिला हे लागू नाही. पण तुमच्या साहेबांना हे कोणी आडून सुचवलं तर त्यांनाही सुटल्यासारखं वाटेल, असा माझा कयास आहे. तेच ते निरांजन किती जमवणार ते तरी!

दिवाळीची खरी रीत आपल्याकडे उलटी आहे. पोस्त दिली जायची ती पोस्टमनला, झाडणाऱ्याला, दूधवाल्याला. तुमच्या ऑफिसात चहा देणारा मुलगा असेल, रात्रपाळीचा वॉचमन असेल, कंत्राटावर साफसफाई करणाऱ्या मावशी असतील. त्यांच्यासाठी कोणी वर्गणी काढतं का, हे तुमच्या पत्रात नाही. काढत असतील तर त्यातून मात्र बाहेर पडू नका.

प्रत्येक ऑफिसात वर्गणी गोळा करणारं एक उत्साही माणूस असतं. हातात यादी, फोनवर क्यूआर कोड, आणि ‘फक्त तुझेच राहिलेत.’ त्या माणसाला एकटं गाठा, २४ तारखेनंतर आणि शक्यतो गर्दी नसताना. सांगा, ‘जानेवारीपासून वाढदिवसांच्या वर्गणीतून माझं नाव काढ. माझ्या वाढदिवसालाही काही काढू नका.’ दुसरं वाक्य विसरायचं नाही. तुम्ही घेणारही नाही म्हटलं की चिंधीचोर म्हणायला जागा राहत नाही. मिस्टरांच्या दुकानाचा, हप्त्याचा उल्लेख अजिबात नको. दुकानाचं कारण दिलंत तर दोन गोष्टी होतील : आधी सगळे हळहळतील आणि तुमचे दोनशे कोणीतरी परस्पर भरून टाकेल, म्हणजे उपकार डोक्यावर, आणि नंतर मिस्टरांना काम लागलं की विचारतील, ‘आता तर द्यायला हरकत नाही ना?’

हे एकटीने करायची भीती वाटत असेल तर दुसरा रस्ताही आहे. त्यात बाहेर पडायचं नाही, सगळ्यांचाच खर्च उतरवायचा. त्या उत्साही माणसाला सुचवा की वर्षातून एकदाच प्रत्येकी पाचशे घ्या आणि महिन्याला एक केक आणा, त्या महिन्यात जेवढे वाढदिवस असतील त्या सगळ्यांचा मिळून. चौदा जणांचे सात हजार होतात. महिन्याला ५८० रुपये आले, त्यात बरा केक येतो. यादी घेऊन फिरण्याचा त्याचाही त्रास वाचतो. असे लोक वरवर हौशी दिसतात, पण दर दहा दिवसांनी पैसे मागत फिरायला त्यांनाही कंटाळा आलेला असतो. तुमच्यासारखे मनातून वैतागलेले आणखी तीनचार जण त्या चौदांत नक्की आहेत. ते आधी बोलणार नाहीत. तुम्ही बोललात की ‘मी तर कधीपासून म्हणतोय’ असं म्हणतील. म्हणू द्या.

डिसेंबरात काहीतरी हवंच असेल तर सँटाच्या जागी अंगतपंगत सुचवा. आपापला डबा आणायचा, एकदोन पदार्थ जास्तीचे करायचे, गोल करून बसायचं. थंडीचे दिवस, कोणी बाजरीची भाकरी आणेल, कोणी भोगीची भाजी महिनाभर आधीच करेल. अंगतपंगत नको असेल तर चिठ्ठ्यांची हौस असणारेही खूश राहतील असं काही काढा, पण हजाराचं नको. संक्रांतीच्या वाणात मला एक गोष्ट फार शहाणपणाची वाटते : द्यायचं काय ते देणारी ठरवते, सगळ्यांना एकच, आणि बेताचं. कोणाला जास्त, कोणाला कमी, कोणाला टोचेल असं, ही भानगडच नाही. हळदीकुंकू मात्र ऑफिसात जसंच्या तसं आणू नका. त्यात कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाही, याचा जो जुना हिशेब आहे, तो मोज्यांपेक्षा कमी क्रूर नाही.

आता मॅडम.

त्यांच्या बाजूने एक गोष्ट आधी मांडते, मग तुमच्याकडे येते. गिरगावच्या चाळीत, पुण्याच्या वाड्यात माणसं एकमेकांना सगळं विचारायची. डोळे का सुजलेत, पाहुणे कोण आले होते, सून माहेरी का गेली. खाजगी असं काही नव्हतंच. पण विचारणारी तीच बाई रात्री दोनला तुमच्यासोबत दवाखान्यात बसायची, आठ दिवस तुमची पोरं जेवू घालायची. विचारण्याचा हक्क तिने कमावलेला असायचा. तुमच्या मॅडम त्याच वळणाच्या असतील, त्यांनाही त्यांच्या तरुणपणी कोणीतरी असंच विचारलं असेल आणि त्यांनी निमूट उत्तरं दिली असतील. फक्त ऑफिसात येताना त्या वळणातलं विचारणं तेवढं आलं, रात्री दोनला सोबत बसणं घरीच राहिलं. हप्ता किती, असं विचारणाऱ्याने तो थकल्यावर हातउसने द्यायची तयारी ठेवावी. नाहीतर विचारू नये.

तेव्हा त्या दुष्ट आहेत का, याचा निकाल लावत बसू नका. त्याने तुमचं काही अडत नाही. त्या विचारतात कारण उत्तर मिळतं. तुम्ही काय उत्तरं देता ते पत्रात नाही, पण हसून ‘बघू’, ‘देवाच्या मनात असेल तेव्हा’ असं काहीतरी म्हणत असाल. ही उत्तरं वाटतात दार बंद केल्यासारखी, आणि नेमकं दार उघडून देतात. ‘देवाच्या मनात’ म्हटलं की नवस येतो, नवसामागून ओळखीचे डॉक्टर येतात.

एकदा त्यांना बाजूला घेऊन बोला. कॅन्टीनमध्ये नको, टेबलावर नको. जिन्यात, गेटपर्यंत चालताना, कुठेही, पण तिसरं कोणी नसताना. चारचौघांत बोललात तर त्यांना अब्रू राखण्यासाठी भांडावंच लागेल. म्हणा, ‘मॅडम, एक सांगायचं होतं. मुलाबाळांचा आणि माझ्या घरचा विषय माझ्याशी काढत जाऊ नका. बाकी आपलं आहे तसंच.’ बास. हे वाक्य आरशासमोर दोनदा म्हणून बघा, कारण पहिल्यांदा म्हणताना आवाज हमखास कापतो. त्या म्हणतील, ‘का गं, काही प्रॉब्लेम आहे का?’ ही खरी परीक्षा. ‘विषय नको, मॅडम,’ आणि चालायला लागा. मोज्यांचा विषय यात काढायचा नाही. त्यांनी दिले नसतील तर तुम्ही आळ घेतलात असं होईल, आणि दिले असतील तर त्या कबूल करणार नाहीत.

मग चार दिवसांनी त्या विसरतील आणि पुन्हा विचारतील. सवय आहे ती, एका बोलण्याने जात नाही. तेव्हा दोन शब्द, ‘विषय नको’, आणि लगेच कामाचं काहीतरी. तुमच्या खात्यात विषयांना तोटा नाही : २० तारखेचं जीएसटी रिटर्न झालं का, अमक्या पार्टीचं पेमेंट आलं का. चेहरा मख्ख ठेवा. रागावलात तर त्याचीही बातमी होते. विनोद करू नका, विनोदाला विनोदाने उत्तर येतं आणि पुन्हा सगळे हसतात. खोटंही सांगू नका, म्हणजे ‘आम्हालाच नकोय सध्या’ वगैरे. उद्या गोड बातमी आली तर ते खोटं निस्तरायला लागेल, आणि खोटं लक्षात ठेवण्याएवढं डोकं तुमच्याकडे सध्या रिकामं नाही. ‘काल कुठे गेली होतीस?’ला उत्तर ‘रजेवर होते’.

काही दिवस त्या फुगतील. ‘हल्ली फार भाव खाते’ हे तुमच्या कानावर येईल. येऊ दे. त्यांनी विचारणं थांबवावं आणि त्यांचं तुमच्याबद्दलचं मतही चांगलं राहावं, या दोन्ही गोष्टी तुम्हाला हव्या आहेत असं पत्रातून दिसतं. पहिली तुमच्या हातात आहे. दुसरीचा नाद सोडा. माणूसघाणी म्हणून कोणाची नोकरी गेल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. अंगतपंगतीत छान भाजी नेलीत की तेही म्हणायचे थांबतील.

ज्या मैत्रिणीला तुम्ही दुकानाचं सांगितलंत तिच्याशी भांडू नका, पण उपचारांचं तिला सांगू नका. ऑफिसातल्या बातम्या ‘कोणाला सांगू नकोस हं’ याच वाक्याच्या पाठीवर बसून फिरतात. बोलायला माणूस हवंच, एकटीने हे वाहू नका. पण ते माणूस ऑफिसाबाहेरचं असावं. बहीण, जुनी शाळेतली मैत्रीण, उपचार घेता तिथले समुपदेशक.

रजेच्या अर्जावर ‘वैद्यकीय कारणासाठी’ एवढंच लिहा. डॉक्टरांचा दाखला मागितला तर बंद पाकिटात थेट साहेबांकडे किंवा एचआर असेल तर तिकडे द्या, टेबलावर ठेवून येऊ नका. उपचारांचं एखादं बिल कंपनीमार्फत मिळण्यासारखं असलं तर आधी विचार करा : तुमच्या कंपनीत बिलं पास होतात ती तुमच्याच विभागातून, म्हणजे कदाचित शेजारच्याच टेबलावरून.

तक्रारीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे, कामाच्या ठिकाणी बायकांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यानुसार, तक्रारी ऐकायला अंतर्गत समिती असावी लागते. बोलणं मुलाबाळांच्या चौकशीवरून शरीरसंबंधांपर्यंत गेलं, ‘रात्री काय करता मग’ या थाटाचं काही आलं, तर ते या समितीकडे नेण्यासारखं आहे. बोलणारा पुरुषच असला पाहिजे असं त्या कायद्यात नाही. तक्रार लेखी द्यायची आणि घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत. गेल्या वर्षीच्या मोज्यांसाठी ती मुदत उलटून गेली, आणि ते त्या कायद्यातल्या छळाच्या व्याख्येत बसले असते की नाही याबद्दलही मला शंका आहे. यंदाच्या पाकिटात तसलं काही निघालं तर चिठ्ठी फाडू नका. फोटो काढा, तारीख लिहून ठेवा आणि साहेबांना दाखवा. कोणी दिलं ते शोधायचं काम त्यांचं, तुमचं नाही.

तेवढं जानेवारीत पहिला वाढदिवस कोणाचा आहे ते बघून ठेवा, आणि त्याची यादी फिरायच्या आत त्या वर्गणीवाल्याला गाठा. एकदा दोनशे दिलेत की पुन्हा डिसेंबरपर्यंत विषय काढणं जड जाईल.